पास झालेला चेहरा

माझ्या दुकानात कुणी हसत नाही. म्हणजे मी हसूच देत नाही. समोर परवान्याचं ऑफिस आहे आणि तिथल्या खिडकीतली बाई दात दिसला की फोटो परत करते. दात, चष्म्यावरची चमक, कानामागची सावली, कपाळावर आलेली बट, तिरकी मान, काय वाट्टेल ते कारण तिला पुरतं. चौतीस वर्षं मी हे छोटे फोटो काढतोय आणि माझ्या हातचा एकही फोटो त्या खिडकीतून परत आलेला नाही. लोक म्हणतात, म्हातारा खडूस आहे. असू दे की खडूस. त्यांचं काम एका खेपेत होतं ना?

दुकानाबाहेर फॉर्म भरून देणारा बसतो. त्याचं खरं नाव त्याच्या घरच्यांनाच माहीत, बाकी सगळ्यांचा तो फॉर्मवाला. जिभेला हाड नाही माणसाच्या. "तुमच्याकडं माणूस लग्नाला निघालेला येऊ दे नाहीतर मयताहून आलेला," तो म्हणतो, "तुम्ही दोघांचं तोंड सारखंच करून पाठवता." मी त्याला म्हणतो, तू रकाने भर. पण खरं सांगायचं तर मला ते बोलणं आवडायचं. सारखंच तोंड करणं हीच तर माझी कारागिरी.

आमची ही वीस वर्षं माझ्याबरोबर दुकानात होती. फोटो मी काढायचो, कापायची ती. एका कागदावर आठ फोटो छापले जातात, ते कटरवर ठेवून एकसारखे कापायचे म्हणजे वाटतं तितकं सोपं नाही. पुढंपुढं तर तिला पट्टीही लागायची नाही. नुसतं बघून सांगायची, अहो, याचं डोकं मोठं आलंय, परत छापा. मी चिडायचो, पट्टी लावायचो, आणि डोकं मोठंच निघायचं.

मुलगी लांबच्या देशात असते. तिचे दिवस भरत आले तेव्हा ही तीन महिन्यांसाठी म्हणून तिच्याकडं गेली. तीन महिन्यांचे सहा झाले, सहाचे अकरा. बाळाला दात येताहेत, बाळ रांगतंय, बाळ रात्रीचं उठतंय. फॉर्मवाला विचारायचा, "वहिनी कधी येताहेत?" मी म्हणायचो, पुढच्या महिन्यात. अकरा वेळा म्हणालो. शेवटी त्यानं विचारायचं सोडलं, आणि मला त्याचाही राग आला.

ही जायच्या आधी मुलीनं फोनवरून माझ्या मागं लागून एक ॲप टाकून घेतलं होतं. "बाबा, रोज एक मिनिटाचा व्हिडिओ करायचा. मनात असेल ते बोलायचं. चांगलं, वाईट, काहीही. आम्ही दोघी सकाळी चहाबरोबर बघू." मी म्हटलं, मनात असेल ते म्हणजे काय? ती म्हणाली, "म्हणजे मनात असेल ते, बाबा."

आता, व्हिडिओ म्हणजे काय, हलता फोटोच. मी दुकानात पांढरा पडदा सोडला, दोन्ही बाजूंचे दिवे लावले, फोन स्टँडवर चढवला आणि गिऱ्हाइकाच्या स्टुलावर बसलो. पाठ ताठ, हनुवटी किंचित खाली, दोन्ही कान दिसतील असे. "नमस्कार. मी बरा आहे. जेवण झालं. दुकान ठीक चाललंय. काळजी नसावी." चौदा सेकंद. मुलीचं उत्तर आलं, "बाबा, ही ओळख परेड आहे का?" हिनं नुसता अंगठा पाठवला, आणि खाली लिहिलं, छान.

दुसऱ्या दिवशी मी जरा मनावर घेतलं. घरीच बसलो, स्वयंपाकघराच्या खिडकीपाशी, तिथं उजेड बरा असतो. वॉशिंग मशीनच्या मागं हिचा केसांचा चिमटा सापडला होता. म्हटलं, हे सांगावं, गमतीची गोष्ट आहे. चिमटा हातात धरला, बटण दाबलं, "अगं, हे बघ काय सापडलं" इथपर्यंत बोललो, आणि पुढं आवाजच फुटेना. डोळ्यांत पाणी आलं. व्हिडिओ बघितला तर डोळे चमकताहेत, नाक लाल, तोंड वेडंवाकडं. असा फोटो त्या खिडकीत दिला असता तर बाईनं माझ्या अंगावर फेकला असता. मी तो पुसून टाकला. तोंड धुतलं, भांग पाडला, परत बसलो. "नमस्कार. आज घर आवरलं. सगळं ठीक आहे." पास.

मग तोच पायंडा पडला. काढायचा, बघायचा, नापास, पुसायचा. परत काढायचा. एकदा भाजीत तिखट दोनदा पडलं आणि मी एकटाच टेबलाशी बसून खोकत हसायला लागलो, आणि हसता हसता कधी रडायला लागलो ते कळलंच नाही. नापास. एकदा ताप आला, चार दिवस अंथरुणातून उठलो नाही, पाणी द्यायलाही कुणी नव्हतं. पडल्या पडल्या फोन तोंडासमोर धरून म्हणालो, "मला बरं वाटत नाहीये." आवाज किती बारीक येत होता माझा. नापास. पाचव्या दिवशी दाढी केली, इस्त्रीचा शर्ट घातला आणि सांगितलं की प्रकृती ठणठणीत आहे, हवा छान आहे. खाली अंगठा. छान.

तुम्ही म्हणाल, एवढं कशाला? अहो, मी काही तिच्यापासून लपवत नव्हतो. देवाशप्पथ. मला खरंच वाटायचं की चांगला आलेला पाठवावा, खराब आलेला पाठवू नये. गिऱ्हाइकाला कुणी डोळे मिटलेला फोटो देतं का? जित्याची खोड म्हणतात ती ही. शिवाय मनात एक होतं, की मी इतका नीटनेटका, इतका ताठ बसलेला दिसलो तर तिला वाटेल, चला, आता या माणसाकडं परत जावं. काय हिशेब होता हा, देव जाणे.

गेल्या महिन्यात मुलीचा फोन आला. सकाळची वेळ, मी नुकतं शटर वर केलं होतं.

"बाबा, मी कामावर परत रुजू होतेय," ती म्हणाली. "बाळाला कुणाकडं ठेवायचं हा प्रश्न होता. तर आई म्हणाली, मी राहते."

"राहू दे की," मी म्हणालो.

"म्हणजे दोन-चार महिने नाही, बाबा. इथला राहण्याचा परवानाच काढतोय तिचा. मी तिला म्हटलं, आधी बाबांना विचार. ती म्हणाली, त्यांचं मस्त चाललंय, व्हिडिओ बघतेस ना तू रोज. शेजारणीला पण दाखवते ती तुमचे व्हिडिओ. म्हणते, बघ, माझ्याशिवाय काही अडत नाही त्यांचं."

माझं तोंड उघडं राहिलं असेल. आपल्याच हातानं पायावर धोंडा पाडून घेतला म्हणायचं. पण तोंडातून काय निघालं? "छे छे, माझं काय अडायचंय? तिला राहू दे खुशाल."

"मग एक काम करा," मुलगी म्हणाली. "परवान्याला फोटो लागतो. इथं दोनदा मशीनमध्ये काढला, दोनदा परत आला. एकदा आईचे डोळे मिटले, एकदा मान वाकडी. आई म्हणते, निघायच्या आदल्या दिवशी तुम्ही काढलेला आहे, तोच छापून पाठवा. वर्षाच्या आतला चालतो. म्हणजे आता महिनाच राहिलाय बघा. आणि तिचे लोकरीचे कपडे पण पाठवा, माळ्यावरच्या पेटीत आहेत."

म्हणजे बघा. माझी बायको माझ्याकडं परत येऊ नये म्हणून जो कागद लागतो, त्यावरचा फोटो मीच छापून द्यायचा. का, तर माझा फोटो परत येत नाही.

दुपारी गर्दी ओसरल्यावर मी संगणकावर तो फोटो उघडला. निघायच्या आदल्या दिवशी तिला त्याच स्टुलावर बसवलं होतं, असू दे एखादा जवळ म्हणून. पाठ ताठ, हनुवटी खाली, दोन्ही कान दिसताहेत. डोळे सरळ. फार सुंदर फोटो. सावलीचा कण नाही. मी बराच वेळ बघत बसलो आणि मला एवढंही सांगता येईना की त्या दिवशी ती आनंदात होती की दुःखात, की तिचं डोकं दुखत होतं.

आता पुढचं सांगायला लाज वाटते, पण सांगतो.

तिकडच्या परवान्याचं माप मला पाठ आहे, त्या देशाला जाणारे कितीतरी लोक माझ्याकडून फोटो नेतात. हनुवटीपासून डोक्याच्या वरपर्यंत बत्तीस ते छत्तीस मिलिमीटर. छत्तीसच्या वर गेलं की परत. मी माप लावलं, चौतीसवर बरोबर बसलं. मग माउस हातात धरून थोडा वेळ थांबलो. बाहेर फॉर्मवाला कुणालातरी सांगत होता की आडनाव आधी लिहायचं, नाव नंतर. मी फोटो जरासा मोठा केला. पस्तीस. छत्तीस. सदतीस. आणि छापला.

डोळ्यांना कळत नाही. एका मिलिमीटरनं काय कळणार? पण खिडकीतल्या माणसाकडं साचा असतो, तो फोटोवर ठेवला की कळतं. फोटो परत येणार. मग परत मागवतील, मी परत पाठवायला उशीर करीन, महिना उलटेल, वर्ष संपेल, फोटो जुना ठरेल. नव्या फोटोला तिचे डोळे मिटतील. मग यावंच लागेल. असं सगळं मी कटरपाशी उभा राहून ठरवलं, आणि चौतीस वर्षांत पहिल्यांदा नापास होणारे आठ फोटो व्यवस्थित कापले. लोकरीच्या कपड्यांच्या घडीत पाकीट ठेवलं. पार्सलाचा फॉर्म फॉर्मवाल्यानंच भरला. "आत काय?" त्यानं विचारलं. मी म्हणालो, कपडे आणि फोटो. त्यानं माझ्याकडं बघितलं आणि रकाना भरला.

नंतरचे दहा दिवस मी रोजच्यासारखे व्हिडिओ पाठवले. नमस्कार, सगळं ठीक आहे. आयुष्यात कधी गिऱ्हाइकाला फसवलं नव्हतं, आणि पहिलं गिऱ्हाईक कोण, तर घरची बायको.

अकराव्या दिवशी हिचा फोन आला. व्हिडिओ कॉल नाही, साधा फोन. हिचा आपणहून फोन म्हणजे महिन्यातून एकदा, आणि त्यातही बाळच जास्त बोलायचं. एक गिऱ्हाईक स्टुलावर बसलेलं होतं. मी त्याला म्हटलं, हलू नका, आणि मागच्या खोलीत गेलो.

"पार्सल मिळालं," ती म्हणाली.

"हं. कपडे ठीक?"

"कपडे ठीक आहेत. फोटोला पट्टी लावली मी."

मी दार लोटून घेतलं.

"पट्टी लावायच्या आधीच कळलं होतं," ती म्हणाली. "पण म्हटलं, आपलीच नजर गेली असेल. वीस वर्षं कापलेत तुमचे फोटो. सदतीस आहे, अहो."

"ते मशीन जरा..."

"मशीनवर ढकलू नका. तुमच्या हातून सदतीस येत नाही. तापात पण येत नाही." मग म्हणाली, "पोरीला नाही सांगितलं मी. म्हटलं, आधी तुम्हाला विचारावं. काय आहे हे?"

मागच्या खोलीत पुठ्ठ्याच्या खोक्यांशिवाय काही नाही. मी एका खोक्यावर बसलो. म्हणालो, "घर खायला उठतं."

"कधीपासून?"

"तू गेलीस तेव्हापासून."

"मग रोज ते नमस्कार, मी बरा आहे, ते काय होतं?"

"ते नीट आलेले होते. आधीचे नीट यायचे नाहीत. आवाज हलायचा, डोळे... ते मी पुसून टाकायचो आणि परत काढायचो."

"किती पुसलेत?"

"रोजचे तीन-चार."

ती हसली. मला वाटलं, चला, राग नाही. पण ते हसणं पुढं गेलंच नाही, मध्येच थांबलं. मग ती इतक्या शांतपणे बोलायला लागली की मला फोन कानावर दाबून धरावा लागला.

"माझी आई गेली त्या दिवसाची आठवण आहे तुम्हाला? दुकानातच फोन आला होता. मी कटरपाशी रडत उभी होते. तुम्ही आतून आलात, गिऱ्हाइकांचा नॅपकिन दिलात आणि म्हणालात, डोळे पूस, बाहेर माणसं आहेत."

मला आठवत होतं. मला वाटलं होतं, मी तिला सांभाळून घेतलं. इतकी वर्षं तसंच वाटत होतं.

"मी पुसले," ती म्हणाली. "त्यानंतर तुमच्यासमोर कधी रडले नाही. तुमच्या लक्षात तरी आलं का? तुम्ही अकरा महिने घर खायला उठतं म्हणता. मला ते घर किती वर्षं खात होतं, आणि तुम्ही समोर बसलेले असायचात. तुम्ही वाईट नाही हो. हात उगारला नाहीत, काही कमी केलं नाहीत. पण मला तिथं फार एकटं वाटायचं. इथं माझं तोंड जरा उतरलं की पोरगी विचारते, काय झालं. शेजारणीची भाषा मला धड कळत नाही, तरी ती विचारते."

बाहेरून गिऱ्हाईक म्हणालं, "काका, हलू का आता?" मी म्हणालो, हला.

"मग तू येणार नाहीस," मी तिला म्हणालो.

"आत्ता नाही. पुढचं मला माहीत नाही, आणि खोटं सांगायचं नाही. तुम्ही मला बरोबर मापाचा फोटो पाठवा. पाठवाल ना?"

"पाठवतो."

"अहो."

"हं."

"एका मिलिमीटरनं सांगण्यापेक्षा तोंडानं सांगायचं होतंत," ती म्हणाली, आणि फोन ठेवला.

त्याच दिवशी मी तो फोटो छापला. चौतीस. बत्तीस आणि छत्तीसच्या बरोबर मध्ये. चार वेळा पट्टी लावली. कटरवर कागद ठेवला, पण पहिला कागद तिरका कापला जाऊन वाया गेला, दुसराही गेला. फॉर्मवाला दारात येऊन उभा राहिला. मी त्याला म्हणालो, ती येत नाही, तिकडंच राहणार आहे. पहिल्यांदाच म्हणालो कुणाला. तो आत आला, कागदाची एक कड धरली आणि म्हणाला, "कापा." तिसरा कागद नीट कापला गेला. पाकीट त्याच दिवशी टपालात गेलं.

त्यानंतर मी व्हिडिओ पाठवले नाहीत. पाठवणार काय? नमस्कार, मी बरा आहे, हे आता म्हणता येत नव्हतं आणि दुसरं काही येत नव्हतं. फोन स्टँडवर चढवायचो, स्टुलावर बसायचो, पाठ आपोआप ताठ व्हायची, आणि उठायचो. तिकडूनही काही नाही. तीन आठवडे दोन्हीकडं चिडीचूप.

काल सकाळी मुलीचा निरोप आला. आईचा परवाना मिळाला, दोन वर्षांचा, फोटो पहिल्या खेपेत पास. खाली टाळ्यांची चित्रं.

मी दुकानात उभाच होतो. दिवे लावले नाहीत, पडदा सोडला नाही. फोन हातात धरला, बटण दाबलं आणि म्हणालो, "फोटो पास झाल्याचं कळलं. मला वाईट वाटलं." एवढंच. आवाज मध्ये फाटला, नाक वाहायला लागलं, फोन हलत होता म्हणून अर्धं तोंड कडेला गेलं, एकच कान दिसत होता. मी तो परत लावून बघितला नाही, कारण बघितला असता तर पुसला असता. पाठवून दिला आणि फोन गल्ल्यावर पालथा ठेवला.

दोन गिऱ्हाइकं केली. एका बाईचं बाळ काही केल्या समोर बघेना, त्यात अर्धा तास गेला. मग फोन सरळ केला.

या खेपेला अंगठा नव्हता. छानही नव्हतं. हिनं एकच शब्द लिहिला होता, "किती?"

दुपारचा एक वाजला होता. ऑफिसच्या जेवणाच्या सुट्टीची वेळ, म्हणजे माझ्याकडं सगळ्यात जास्त गर्दी. बाहेर चार माणसं भांग पाडून उभी होती. मी त्यांना म्हणालो, तासाभरानं या. शटर निम्मं खाली ओढलं, स्टूल ओढून घेतलं आणि किती वाईट वाटलं ते तिला सांगायला बसलो.